जिन्यात दिलेला कागद

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने आपला अनुभव कळवला होता. बागेतल्या बाकावर ते बसले असताना एक अनोळखी गृहस्थ शेजारी येऊन बसले, हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या आणि तिसऱ्याच वाक्याला येशूवर आले. पुढची वीस मिनिटे वाचकाला उठता येईना. उठायला गेले की त्या गृहस्थांचा नवा प्रश्न तयार. असल्या लोकांना कोणी आवरत का नाही, असे त्यांनी शेवटी विचारले होते. ते पत्र मी दोनदा वाचले. मी ख्रिस्ती आहे. एकतीस वर्षे परिचारिकेचे काम करून निवृत्त झाले आहे. आणि बाकावरच्या त्या गृहस्थांसारखी, किंबहुना त्यांच्याहून वाईट, मी स्वतः वागलेली आहे. तेव्हा हे पत्र लांबले तरी छापावे, अशी विनंती.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक बाई राहतात. त्यांचे यजमान गेले तेव्हा मी आठ दिवस त्यांच्याकडे फिरकले नाही. ड्युटी होती हे खरे, पण काय बोलावे ते सुचत नव्हते हे जास्त खरे. हजारो रुग्णांच्या उशाशी उभी राहिलेली बाई मी, आणि चार पायऱ्या उतरून शेजारणीकडे जायला मला शब्द नव्हते. नवव्या दिवशी त्या दारात उभ्या दिसल्या. माझ्या पिशवीत आमच्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, मिळालेल्या धर्मप्रचाराच्या पत्रिकांचा गठ्ठा होता. सगळ्यात वरच्या पत्रिकेवर ठसठशीत अक्षरांत प्रश्न छापला होता की आज रात्री मरण आले तर तुम्ही कुठे जाल. मी ती त्यांच्या हातात ठेवली, "जरूर वाचा" म्हणाले आणि जिना चढून वर आले. घरात शिरल्यावर वही काढली आणि त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली. अशी एक वही मी ठेवत असे. डावीकडे शेजाऱ्यांची नावे, उजवीकडे तारखा आणि खुणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पत्रिका माझ्या टपालपेटीत होती. चार घड्या घातलेली, कडेला कड नीट जुळवलेली. फाडलेली नव्हती, चुरगळलेली नव्हती, वर एक अक्षर लिहिलेले नव्हते. रागाने फेकली असती तर मला बरे वाटले असते, कारण मग मी स्वतःला छळ सोसणारी म्हणवून घेतले असते. त्या घड्या मात्र मला अजून दिसतात.

पुढची दोन वर्षे जिन्यात समोरासमोर आलो की मान हलवायची, एवढाच आमचा संबंध. मग एका संध्याकाळी मी त्यांचे दार वाजवले आणि माफी मागितली. त्यांनी मला आत बोलावले नाही, पण दारही लावले नाही. म्हणाल्या, "तुमचा देव कुठला, याचं मला काही वाटलं नाही हो. तुम्ही थांबला असतात तर मी ऐकूनही घेतलं असतं. पण लाइटचं बिल टाकून जातात तसा कागद टाकून तुम्ही वर निघून गेलात. मला त्या दिवशी कुणीतरी माणूस हवं होतं."

त्या रात्री मी शुभवर्तमान, म्हणजे बायबलातली येशूची कथा, उघडून बसले. येशू अनोळखी माणसांशी कसा बोलायला लागतो, एवढेच शोधायचे असे ठरवून. इतकी वर्षे वाचलेलीच पाने होती, पण मी ती आजवर शिकवण म्हणून वाचली होती, भेट म्हणून नाही. शोमरोनी स्त्रीला तो विहिरीवर भेटतो तेव्हा त्याचे पहिले वाक्य उपदेशाचे नाही. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. दुपारची वेळ, तो दमलेला आहे, त्याच्याजवळ पोहरा नाही, तिच्याजवळ आहे. म्हणजे गरज त्याला आहे आणि वरचढ ती आहे. वधस्तंभावर मरून तो पुन्हा उठल्यानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघे शिष्य त्याला न ओळखता त्याच्याबरोबर चालत असतात. तो विचारतो, काय बोलत चालला आहात? ते सांगू लागतात तेव्हा, सगळे ठाऊक असूनही, तो पुन्हा विचारतो की काय घडले. आधी त्यांचे दुःख पूर्ण ऐकून घेतो. नंतर गाव आल्यावर तो पुढे जाण्याचा रोख दाखवतो. त्यांनी आग्रह केला म्हणून घरात जातो. मरणातून उठलेला प्रभू बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, आणि मी आठ दिवसांच्या विधवेच्या हातात मरणाचा प्रश्न ठेवून आले होते.

बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात फिलिप्प नावाच्या प्रचारकाची गोष्ट आहे. गाझाच्या वाटेवर एक कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या कूश देशाचा, अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक मोठ्याने वाचत असतो. फिलिप्प धावत रथाजवळ जातो, पण चढत नाही. वाचताय ते समजते आहे का, एवढेच विचारतो. कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजणार, असे म्हणून तो अधिकारीच त्याला वर येऊन बसण्याची विनंती करतो. तिथून पुढे फिलिप्प बोलू लागतो, तेसुद्धा त्या माणसाच्या हातात जे पान उघडे आहे तिथूनच. आमच्यातल्या कितीजणांना समोरच्याच्या हातात कोणते पान उघडे आहे हे बघण्याइतका धीर असतो? मला नव्हता.

आता मूळ पत्र लिहिणारे वाचक म्हणतील, मग गप्पच का बसत नाही? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी टाळणार नाही.

माझे आणि माझ्या धाकट्या भावाचे वडिलांच्या घरावरून बिनसले होते. अकरा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. रात्रपाळीत परक्यांची उशी सरळ करायची आणि भावाचे नाव निघाले की खोलीबाहेर जायचे, असे माझे जगणे होते. एका शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी पहिला, खिळे ठोकणाऱ्यांना क्षमा कर म्हणून पित्याला केलेली विनवणी, मी बालपणापासून ऐकत आले होते तशीच पुन्हा ऐकली. त्या दिवशी मात्र मला स्पष्ट कळले की त्या विनवणीत मीही आहे, आणि क्षमा न करणारी म्हणून आहे. दुपारी घरी आले आणि भावाला फोन लावला. दोन्हीकडे कितीतरी वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "ताई, मी आजारी आहे." त्यानंतर आम्हांला अकरा महिने मिळाले. मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना केली, आमच्या मंडळीने केली, आणि तो बरा झाला नाही. माझ्या हातात हात ठेवून गेला.

ही माझी साक्ष आहे. यात चमत्कार नाही, पण अकरा वर्षांचा दगड हलला तो माझ्या बळावर नव्हे, हे मला माझ्या नाडीइतके पक्के ठाऊक आहे. मी येशूवर विश्वास ठेवते कारण त्याने मला क्षमा केली आणि क्षमा करायला लावली. एखाद्या जिन्यात, एखाद्या बसथांब्यावर कोणी आपल्या भावाबहिणीशी तुटलेल्या नात्याबद्दल रडत असेल आणि मी हे सांगितले नाही, तर ते सभ्यपणाच्या नावाखाली हात राखणे होईल. औषध कपाटात ठेवून रुग्णाला नुसते 'बरे वाटेल' म्हणण्यासारखे.

आपल्या भाषेत 'साक्ष' हा शब्द कोर्टातलाही आहे, आणि मला तो त्या अर्थानेच आवडतो. साक्षीदाराने आपण पाहिले तेवढे सांगायचे. युक्तिवाद करणे, उलटतपासणी घेणे, निकाल देणे ही त्याची कामे नव्हेत. आमच्यातले पुष्कळजण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून वकिली करतात, काहीजण तर थेट न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतात. पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात लिहिले आहे की तुमच्या आशेचे कारण जो कोणी विचारील त्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. अर्धे वाक्य आम्ही पाठ केले आहे. 'विचारील' आणि 'सौम्यतेने' हे दोन शब्द गळून पडतात.

नोकरीत असताना मी एक पथ्य कसोशीने पाळले. वॉर्डात रुग्णाने आपणहून विचारल्याशिवाय विश्वासाचा विषय काढायचा नाही. कारण साधे आहे. खाटेवरचा माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याच्या शिरेत माझी सुई आहे, त्याची पुढची गोळी माझ्या हातात आहे. तो 'हो' म्हणाला तरी ते 'हो' कशाला हे मला कधी कळणार नाही. हे पथ्य मला कोणी शिकवले नव्हते. पुढे कळले की कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी धर्मस्वातंत्र्यावर जी घोषणा केली तिच्यात नेमके हेच आहे: विश्वास पसरवताना जबरदस्तीचा किंवा अप्रतिष्ठित मार्गाने मन वळवण्याचा भाससुद्धा होता कामा नये, विशेषतः समोरचा गरीब किंवा अशिक्षित असेल तेव्हा. मी स्वतः कॅथलिक नाही, पण ते वाक्य मी मनाशी बाळगून आहे. त्यात मी आणखी तिघांची भर घालते: आजारी माणूस, दुःखात असलेला माणूस, आणि ज्याला लगेच उठून जाता येत नाही असा कोणीही. लिफ्ट त्यात आली. बागेतला बाकही, जर आपण वाट अडवून बसलो असू तर.

28 जून 2011 रोजी जिनिव्हात जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून ख्रिस्ती साक्षीविषयी एक निवेदन प्रसिद्ध केले. एरवी एका ओळीवर न येणारी ही मंडळी. त्यात बारा तत्त्वे आहेत. फसवणूक नको, आमिष नको, आजाराचा वा गरिबीचा फायदा घेणे नको, हे तर आहेच. मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते शेवटाकडचे: धर्म बदलणे हे माणसाच्या आयुष्यातले निर्णायक पाऊल आहे, त्यासाठी त्याला विचार करायला आणि तयारी करायला पुरेसा वेळ मिळालाच पाहिजे.

वेळ म्हणजे किती? कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्याला परके नाहीत. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. बोलणे कवितेवरून निघाले, आणि उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती दिली. टिळकांनी ती वाचली, तिच्याशी भांडले, त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकून राहिले. बाप्तिस्मा झाला तो 10 फेब्रुवारी 1895 रोजी. आमच्या मंडळीत ही गोष्ट नेहमी सांगितली जाते ती पुस्तक देणाऱ्याच्या बाजूने: बघा, एका भेटीत किती घडले! मी अलीकडे ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या बाजूने आठवते. त्या एका निर्णयाने त्यांचा संसार मोडला, काही वर्षे त्यांना नवऱ्यापासून दूर राहावे लागले. पुढे त्या स्वतःच्या पायांनी त्याच वाटेवर आल्या, त्यांचा विश्वास कुणाची सावली नव्हता. पण मधली ती वर्षे त्यांनी भोगली. डब्यातल्या प्रवाशाला त्यातले काहीच दिसले नसेल. आपण अनोळखी माणसाला दोन शब्द सांगतो तेव्हा त्याच्या घरात कोण कोण आहे, त्या शब्दांची किंमत कोणाला मोजावी लागेल, हे आपल्याला दिसत नसते. म्हणून बोलू नये असे मी म्हणत नाही. तो प्रवासी गप्प बसला असता तर टिळकांच्या भजनांविना मराठी ख्रिस्ती उपासना किती ओकीबोकी राहिली असती! बोलावे, पण कोणाच्या तरी घरातला दिवा आपल्या हातात आहे एवढे भान ठेवून.

माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना दोन शब्द कडक वाटतील ते सांगते. ठरवून केलेली मैत्री समोरच्याला कळते. आपण चौकशी करतो, मुलांची नावे लक्षात ठेवतो, आणि सहा महिन्यांनी तो सभेला येत नाही असे दिसले की आपली पावले त्याच्या दाराकडे वळेनाशी होतात. त्याने तेव्हा आपल्याबद्दल जे ठरवले ते बरोबरच ठरवले. आणि आजारी शेजाऱ्याला 'विश्वास ठेवा, गोळ्यांची गरज पडणार नाही' असे सांगणाऱ्यांना तर मी परिचारिका म्हणून हात जोडून विनवते की हे पाप करू नका. मी प्रार्थना करते आणि प्रार्थना झाल्यावर रात्रीची गोळी घेतली का ते विचारते.

उलट, कृतीच पुरे, शब्द कशाला, असे म्हणणारेही आमच्यात आहेत. गरज पडली तरच शब्द वापरा, असे एक वचन संत फ्रान्सिसच्या नावावर सांगतात. त्यांच्या लिखाणात ते नाही. त्यांनी आपल्या संन्यासी बांधवांसाठी केलेल्या 1221 च्या नियमावलीत लिहिले ते याहून सुंदर आहे. मुसलमानांमध्ये राहायला जाणाऱ्या बांधवांना ते दोन रीती सांगतात. एक, वादविवाद न करता, देवाखातर प्रत्येकाच्या अधीन राहून, आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करत जगणे. दुसरी, देवाला ते आवडेल असे दिसेल तेव्हा वचन सांगणे. सांगायचे आहेच. वेळ मात्र आपल्या वहीतल्या तारखांवर ठरत नाही.

मी आता काय करते ते विचाराल तर फार थोडे. निवृत्तीनंतर शेजारपाजारचे लोक रक्तदाब मोजून घ्यायला येतात. पट्टा दंडाला गुंडाळल्यावर एक मिनिट बोलायचे नसते, नाहीतर आकडा चुकतो. पट्टा सुटला की माणसे बोलतात. मी ऐकते. कुणी फार जड काही सांगितले तर विचारते, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करू का? इथे नको असेल तर रात्री घरी करीन." बहुतेकजण हो म्हणतात, काही हसतात, एका आजोबांनी स्पष्ट सांगितले, "नको, माझा त्यावर विश्वास नाही." मी बरे म्हटले आणि आकडा लिहून दिला. ते पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. एका तरुण मुलीने विचारले की तुम्ही इतक्या शांत कशा, तेव्हा मी भावाची गोष्ट सांगितली, आत्ता वर सांगितली तेवढीच. ती ऐकून आपल्या आजीच्या जपाबद्दल बोलली, आणि मी ते मनापासून ऐकले. लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे त्यांच्याशी वागा, हे येशूचे सांगणे विश्वासाच्या गप्पांनाही लागू आहे ना? दुसऱ्याच्या देवाबद्दल पाच मिनिटे ऐकायची तयारी नसेल तर माझ्या देवाबद्दल पाच मिनिटे मागायचा मला काय अधिकार?

वही अजून आहे. खुणांची पाने काढून टाकली. आता फक्त नावे असतात आणि त्या त्या माणसाने ज्यासाठी प्रार्थना करायला सांगितले ते.

पत्रलेखक वाचकांना एक सांगायचे आहे. त्या दिवशी तुम्हांला जो त्रास झाला त्याबद्दल, त्या गृहस्थांना न ओळखताही, मी क्षमा मागते. पुढच्या वेळी कोणी असे येऊन बसले तर स्पष्ट 'नको' म्हणा. संकोच करू नका. धनवान तरुण येशूला सोडून खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशूने त्याच्यावर प्रीती केली होती असे मार्क लिहितो, पण त्याच्यामागे कोणाला धाडले असे लिहीत नाही. तुमच्या 'नको'नंतरही जो पाठ सोडत नाही तो आपल्या गुरूच्या पुढे धावतो आहे. आणि 'नको' ऐकून घेऊन जो दुसऱ्या दिवशी तितक्याच मोकळेपणाने हवापाण्याचे बोलेल, त्याला बाकावर थोडी जागा द्या.

तळमजल्यावरच्या बाईंबद्दल सांगायचे राहिले. माफी मागून आल्यावर चार वर्षांत मी त्यांच्यापाशी एकदाही हा विषय काढला नाही. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत गाठ आढळली. तपासणीचा अहवाल दुसऱ्या दिवशी यायचा होता. संध्याकाळी त्यांनी स्वतः वर येऊन माझे दार वाजवले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, "खाली येता का? तुमची प्रार्थना वगैरे नको हं आज. नुसत्या बसा." मी गेले. त्या खिडकीपाशी बसल्या, मी दाराजवळच्या खुर्चीवर. दिवा त्यांनी लावला नाही, मीही उठून लावला नाही. साडेनऊ वाजता त्या म्हणाल्या, "आता जा. उद्या दहा वाजता याल?"

मी दहाला पाच कमी असतानाच गेले. दार उघडेच होते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका